घामट टोप

शनिवारी संध्याकाळी मास्तरीण शाळेतून आली ती गल्लीच्या टोकापासूनच झपाझपा. दुकानात गिऱ्हाईक नाही हे तिने आधी डोकावून पाहिलं, भाड्याच्या तलवारींची पेटी पायाने बाजूला सारली आणि गल्ल्यावर बसलेल्या भावजयीच्या कानाशी वाकून म्हणाली, "वहिनी, आमच्या सरांना शाळेत पोरं घामट टोप म्हणायला लागलीत."

थोरली, म्हणजे या घरची मोठी सून, हातातल्या नोटा मोजायची थांबली. नणंदेच्या शाळेचे मुख्याध्यापक कित्येक वर्षं मागच्या दाराने दुकानात येत होते, डोक्यावरचा टोप धुऊन, विंचरून, नवा डिंक लावून परत जात होते. घामट टोप हे नाव तिच्या सासऱ्यांनी, अण्णांनी, त्यांना पहिल्याच दिवशी ठेवलं होतं, कारण त्यांच्या टाळूला इतका घाम यायचा की कुठलाच डिंक धड टिकत नसे. ते नाव घरातल्या पाच माणसांनाच ठाऊक होतं, आणि सरांना तर मुळीच ठाऊक नव्हतं.

"कुणी सांगितलं त्यांना?" तिने विचारलं.

"सांगायला कशाला हवं? सरांचा फोन आला की लोकांच्या फोनवर तेच उमटतं."

चोराच्या मनात चांदणं असतंच. थोरलीने समोरच्या फोनकडे पाहिलं आणि हा उद्योग कुणाचा हे तिला त्याच क्षणी कळलं.

या घराचा धंदा तीन पिढ्यांचा. समोर पाटी 'नाटकाचे पोशाख भाड्याने मिळतील' अशी, दारात राजाचे अंगरखे आणि पुठ्ठ्याचे मुकुट, आणि पडद्यामागे खरा व्यवसाय, केसांचे टोप बांधण्याचा. पाटी अशी का, तर कुणी पाहुण्याने विचारलं तर गिऱ्हाइकाला सांगता यावं, नाटकाच्या कपड्यांसाठी गेलो होतो. गावात त्यामुळे नाटकवेड्या माणसांची संख्या जरा जास्तच दिसत असे. अण्णांच्या वडिलांनी घालून दिलेले नियम साधे होते. गिऱ्हाइकाला नाव विचारायचं नाही. कळलं तर विसरायचं. रस्त्यात समोर आला तर त्याच्या हनुवटीकडे बघत पुढे जायचं. आणि दुकानाने स्वतःहून कुणालाही बोलवायचं नाही, निरोप धाडायचा नाही, फोन करायचा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि यांच्या मुठीत अर्ध्या गावाची टाळकी होती.

मात्र नावाशिवाय काम कसं चालायचं? म्हणून अण्णा डोकं पाहून नाव ठेवत. दोन भोवरे. जावळ. तिरका भांग. कोरी पाटी. या नावांत दयामाया नव्हती, पण ती पडद्यामागेच राहत, त्यामुळे कुणाचं काही बिघडत नव्हतं. गिऱ्हाइकं फोन करत तेव्हा तीही नाव सांगत नसत. "मी बोलतोय, ओळखलंत ना?" एवढंच म्हणत, आणि अण्णा आवाजावरून ओळखत. मग अण्णांचे कान गेले. एका म्हाताऱ्या वकिलाकडे तरण्या गवयाची झुलपं गेली आणि गवयाने वकिलाची चांदी घालून मैफल मारली, त्या दिवशी थोरलीने सासऱ्यांपुढे उभं राहून गल्ला मागितला. तो वाद बराच रंगला आणि धाकट्या दिराने त्यात तेलही ओतलं. धाकटा आता दुसऱ्या गावी गाद्या विकतो.

गल्ल्यावर बसल्यावर थोरलीने पहिलं काम केलं ते म्हणजे प्रत्येक नंबरावर अण्णांनी ठेवलेलं नाव चढवलं. फोन तिचा स्वतःचाच होता. त्यात गॅसवाला, दूधवाला, तिची मावशी आणि दातांचा डॉक्टरही होता, म्हणून गिऱ्हाइकं वेगळी कळावीत यासाठी, घामट टोपात तो होताच, बाकी प्रत्येकापुढे तिने 'टोप' हा शब्द जोडला. तेव्हापासून फोन वाजला की तिला आधीच कळे. "डिंक संपला असेल ना? बांधून ठेवलाय," असं ती आपणहून म्हणायची आणि पलीकडचा माणूस सुटकेचा श्वास टाकायचा. त्याला आता 'मी बोलतोय' एवढंसुद्धा म्हणावं लागत नव्हतं. गिऱ्हाइकं खूश, अण्णा नाइलाजाने खूश.

मग गेल्या महिन्यात तिने एक अॅप घेतलं. अनोळखी नंबर कुणाचा हे ते सांगतं आणि कर्ज विकणाऱ्यांना परस्पर वाटेला लावतं, असं तिला समोरच्या चष्मेवाल्याने सांगितलं होतं. अॅपने बरेच प्रश्न विचारले. लग्नात भटजी विचारतील त्याला मान डोलवावी तशी ती प्रत्येकाला हो म्हणत गेली. त्यातला एक प्रश्न होता, तुमच्या फोनमधली नावं आम्ही घेऊ का? ज्याने आपलं नाव त्या अॅपला सांगितलेलं नसतं, त्याचं नाव ते दुसऱ्यांच्या फोनमधून उचलतं आणि जगाला दाखवतं. आणि यांची गिऱ्हाइकं म्हणजे तर नाव न सांगणाऱ्यांचीच जमात.

रविवारी सकाळी घर जमलं ते पडद्यामागच्या खोलीत. भिंतीवरच्या फळ्यांवर लाकडी मुंडकी ओळीने बसलेली, प्रत्येकाच्या डोक्यावर अर्धवट केस. अण्णा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत आरशासमोर बसले. थोरला, म्हणजे थोरलीचा नवरा, कोपऱ्यात जाळीवर एकेक केस गाठवत होता; घरात आग लागली असती तरी त्याने हातातली गाठ पुरी करूनच बादली शोधली असती. अण्णांना ऐकू जावं म्हणून सगळ्यांना ओरडून बोलावं लागत होतं, आणि विषय असा की शेजाऱ्यांच्या कानावर जाता कामा नये. सासूबाईंनी, माईंनी, उठून खिडक्या लावल्या. गुप्ततेबद्दलची ती चर्चा मग बंद खोलीत, घामाघूम होत, खच्चून ओरडत सुरू झाली.

थोरलीने काही लपवलं नाही. काय झालं, कसं झालं, तिने सांगून टाकलं. रात्रीच सगळी नावं फोनमधून पुसली होती, अॅपवाल्यांना कळवलं होतं, पण एकदा तिकडे गेलेलं आपण पुसून पुसलं जात नाही, हेही सांगितलं.

अण्णा आरशातूनच तिच्याकडे बघत होते. "आमच्या वडिलांनी, मी, कुणी गिऱ्हाइकाच्या केसाला धक्का लागू दिला नाही," ते म्हणाले. "तू एका बटणात सगळ्यांची टकलं चव्हाट्यावर आणलीस. फोन बंद करून टाक. आणि उद्यापासून तू वर. गल्ल्यावर मी बसेन."

वर म्हणजे स्वयंपाकघरात. थोरली लग्न होऊन आली तेव्हा बरीच वर्षं वरच होती. खालून पावलांचे आवाज येत, कुजबूज येई, आणि चहा पाठव अशी हाक येई. गल्ल्यावर आल्यावर तिला पहिल्यांदा कुणी काही विचारलं होतं आणि तिच्या उत्तराची वाट पाहिली होती. केस गेलेला माणूस दारातून आत येताना कसा येतो आणि टोप घालून बाहेर पडताना कसा पडतो, हे तिथून दिसे. ते तिला सोडायचं नव्हतं. चूक तिची होती हे तिला मान्य होतं, पण शिक्षा म्हणून वर जायचं तिला मान्य नव्हतं.

"तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, अण्णा," ती म्हणाली.

"न ऐकू येणं बरं. निदान आपण काही बोलत तरी नाही."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. थोरल्याने गाठ मारली, केस दाताने तोडला आणि अण्णा म्हणतात त्यात तथ्य आहे असं जाळीला उद्देशून म्हणाला. हात दाखवून अवलक्षण झालं खरं, असंही वर जोडलं. मास्तरीण तर आधीच अण्णांच्या बाजूला जाऊन उभी होती. तिचंही बरोबरच होतं. लहानपणापासून सरांचं बोडकं डोकं तिने याच पडद्याच्या फटीतून पाहिलेलं, आणि नोकरी लागल्यापासून ती सरांशी बोलताना फक्त हनुवटीकडे बघत आलेली. हे नाव आपल्याच घरातून फुटलं हे सरांना कळलं तर तिचं काय होणार होतं? शाळा सुटल्यावर मीच गल्ल्यावर बसत जाईन, असं तिने सुचवलं. अण्णांनी ते ऐकलं की नाही कळलं नाही.

राहिल्या माई. त्या काही बोलतील अशी कुणाची अपेक्षा नव्हती, कारण दुकानाच्या गोष्टीत त्या बोलत नसत. त्या खाली उतरतच नसत म्हटलं तरी चालेल.

"नाव बाहेर पडलं की बाई वर," माई म्हणाल्या. "हा मात्र जुना रिवाज आहे."

अण्णांनी मान वळवली. ते त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. माईंनी तरुणपणी बाजारात एका गिऱ्हाइकाला, साध्या चांगुलपणाने, बायकोच्या देखत हाक मारून विचारलं होतं, नवा टोप टोचत तर नाही ना? त्या दिवसापासून त्या वर गेल्या त्या वरच राहिल्या. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नसे. मास्तरीणसुद्धा जराशी आईकडे सरकली.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. मागचं नव्हे, पुढचं, रविवारी, भर उजेडी. थोरलीने पडदा सारला तर राजाच्या अंगरख्यांमध्ये मुख्याध्यापक उभे. टोप जागच्या जागी होता, पण चेहरा असा की तो कुणाला दिसतोय की नाही याची आता त्यांना फिकीर उरलेली नव्हती.

मास्तरीण चटकन लाकडी मुंडक्यांच्या फळीआड झाली.

"तुम्ही बाहेर या," सर तिकडे न बघता म्हणाले. "तुमचं आडनाव मला ठाऊक आहे. इतकी वर्षं मीही तुमच्या हनुवटीकडेच बघतोय."

मग त्यांनी घडलेलं सांगितलं. कार्यालयाचा फोन बिघडला म्हणून ते गैरहजर मुलांच्या घरी स्वतःच्या फोनवरून फोन करत होते. हा नंबर त्यांनी सहसा कुणाला दिलेला नव्हता. बायकोला, बँकेला आणि या दुकानाला. एका मुलाच्या बापाने फोन उचलला आणि विचारलं, "कोण, घामट टोप का?" सरांना वाटलं चुकीचा नंबर लागला. दुसऱ्या बापाने उचलला तोच हसत. तिसऱ्या घरात मुलानेच उचलला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेला उभ्या असलेल्या अख्ख्या शाळेची नजर त्यांच्या कपाळाच्या वर होती. हे सांगताना त्यांचा आवाज एकदाच बसला, पण बसला.

"मी तुमच्यापुढे डोकं उघडं केलं," ते म्हणाले, "आणि तुम्ही माझा केसाने गळा कापलात."

दुसरं कुठलंही दुकान असतं तर या वाक्याला कुणी ना कुणी हसलं असतं. माईंना खोकला आला. थोरल्याने पहिल्यांदाच हातातली जाळी खाली ठेवली. अण्णा काही तरी पुटपुटणार तेवढ्यात थोरली पुढे झाली.

"ते मी केलंय, सर. अण्णांनी नाही. दुकानातून तुमचं नाव कधी बाहेर गेलं नव्हतं, ते माझ्या फोनमधून गेलं."

सरांनी तिला वर्गात उभ्या केलेल्या मुलाकडे बघावं तसं पाहिलं. ओरडण्याची सगळी तयारी करून आलेल्या माणसाला समोरचा लगेच कबूल झाला की पंचाईत होते. त्यांनी एक स्टूल ओढलं, त्यावर बसले आणि विचारलं, असं आणखी किती जणांचं झालंय?

"बहुतेक सगळ्यांचं."

"त्यांना कळवलंत?"

"दुकान फोन करत नाही," अण्णा म्हणाले. हे मात्र त्यांना ऐकू आलं होतं.

"तुमचं दुकान करत नाही, आणि तुमचं अॅप गावभर दवंडी पिटतंय," सर म्हणाले. मग त्यांनी सांगितलं की काल त्यांनी स्वतःच त्या अॅपला आपलं खरं नाव कळवलं, आणि फोनवर उमटणारी पाटी बदलली. ज्याचा नंबर त्याने सांगितलं की बदलते. पण त्याला आधी कळायला तर हवं. उरलेल्यांना हे बाहेरून, कुणाच्या तरी हसण्यातून कळायचं, की इथून? "मला बाहेरून कळलं," ते म्हणाले. "मी असं माझ्या वैऱ्याचंही होऊ देणार नाही."

अण्णा म्हणाले की फोन दुसऱ्याच कुणी उचलला तर? बायकोने, सासऱ्याने, हाताखालच्या माणसाने? नियम उगाच केलेला नाही. सर म्हणाले की नियम मोडून तुमच्या सुनेने घाण केली आहे, आता नियम मोडल्याशिवाय ती निघणार नाही. दोघांचंही खरं होतं, आणि दोघेही ओरडत होते.

थोरलीने फोन उचलला. नंबर तिने पुसले नव्हते, फक्त नावं पुसली होती. कुठला कुणाचा हे तिला आता पाठ होतं. "दुसऱ्या कुणी उचलला तर पोशाख परत करायची आठवण द्यायला केला म्हणेन," ती म्हणाली. "गिऱ्हाईक स्वतः असेल तर सगळं सांगेन. माझ्या चुकीचं मला सांगू दे. वर नंतर पाठवा."

"मला ऐकू येईल असं बोल," अण्णा म्हणाले. "तू काय कबूल करतेस ते मला कळलं पाहिजे."

म्हणून तिने फोनचा आवाज मोठा केला आणि तो टेबलावर, लाकडी मुंडक्यांच्या मध्ये ठेवला.

पहिला जावळ. हा म्हातारा निवृत्त वादक. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की माझ्या नंबरापुढे नक्की काय लिहिलं होतं. थोरलीने सांगितलं. तो इतका हसला की फोन टेबलावर थरथरला, आणि म्हणाला, राहू दे, बायको गेल्यापासून मला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मग तिरका भांग. त्याने एक शिवी दिली, कपड्यांची भानगड परवा मिटवतो असं मोठ्याने म्हणाला आणि फोन ठेवला. जवळ कुणीतरी होतं. पण त्याला कळलं होतं. मास्तरणीने नकळत टेबलाजवळ येऊन एक स्टूल घेतलं. माईंनी भांड्यात पाणी आणून थोरलीसमोर ठेवलं. थोरला जाळी विसरून ऐकत होता. कुणाला मान्य करावंसं वाटलं नसतं, पण गंमत वाटत होती. वर्षानुवर्षं नुसती डोकी पाहिलेल्या माणसांचे आवाज त्यांना असे घरभर ऐकायला कधी मिळाले होते?

तिसरा फोन दोन भोवऱ्यांना लागला. आवाज भरदार, सभेत बोलायची सवय असलेला. "हं, बोला," एवढंच तो म्हणाला, आणि स्टुलावर बसलेल्या मुख्याध्यापकांची पाठ ताठ झाली.

थोरली बोलत राहिली, पण तिची नजर सरांच्या चेहऱ्यावर गेली. तिथे हळूहळू एक आनंद पसरत चालला होता. मास्तरणीनेही तोंडावर हात नेला. तिलाही आवाज ओळखता आला होता. हा माणूस त्यांच्या संस्थेचा होता, वरचा कुणीतरी, हे थोरलीला त्या दोघांकडे पाहूनच कळलं. सर पुढे झुकले आणि कुजबुजले, "परवा सभेत हाच म्हणाला मला, वारा सुटलाय सर, डोकं सांभाळा. हे तर आमचे—"

थोरलीने झटकन बटण दाबून फोन कानाला लावला. "मी पुन्हा करते," ती पलीकडच्याला म्हणाली. "इथे गडबड आहे. दोन मिनिटांत करते." आणि फोन खाली ठेवला.

 रात्रभर ती त्या अॅपला शिव्या देत होती, आणि आता त्याने केलं तेच तिने स्वतःच्या हाताने, या टेबलावर, पुन्हा केलं होतं. अण्णांना ऐकू यावं, सोयीचं व्हावं, म्हणून.

"नाव घ्यायचं नाही, सर," ती म्हणाली.

"अहो, पण तो माणूस मला—"

"तुमचं नाव फुटलं तेव्हा तुम्हाला कसं वाटलं ते आत्ताच सांगितलंत ना?"

सरांनी स्टूल मागे सारलं. त्यांच्या तोंडचा घास जात होता आणि तो त्यांना फार हवा होता, हे स्पष्ट दिसत होतं. मुख्याध्यापक झाला तरी माणूसच.

"सगळ्यांनी बाहेर जा," थोरली म्हणाली.

अण्णांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. तिने त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक असताना पडद्याआत दुसरं कुणी थांबत नाही, हा नियम तुमचाच आहे. फोनवरचं गिऱ्हाईकही गिऱ्हाईकच. यातलं कुणीही, घरातलंसुद्धा, त्यांचे आवाज ऐकणार नाही.

"माझं दुकान, आणि मी बाहेर?" अण्णा म्हणाले.

"घरातल्यांनी थांबायला काय हरकत आहे?" थोरल्याने विचारलं. मास्तरीणही म्हणाली की मी कुठे सांगणार आहे. एका क्षणात सगळी पुन्हा एका बाजूला झाली, आणि थोरली एकटी दुसऱ्या बाजूला.

माई उठल्या. त्यांनी आधी मुलीच्या पाठीवर हात ठेवून तिला पडद्याकडे ढकललं, मग थोरल्याकडे नुसतं पाहिलं, तो उठला. मग त्या अण्णांच्या खुर्चीपाशी गेल्या आणि त्यांच्या बखोटीला धरलं.

"मी एका नावापायी सगळा जन्म वर काढला," त्या म्हणाल्या, "तुम्ही घटकाभर बाहेर उभे राहा."

अण्णा उठले. इतक्या वर्षांत त्या खुर्चीतून त्यांना कुणी उठवलं नव्हतं. सर्वांत शेवटी मुख्याध्यापक निघाले; पडद्याशी थबकून त्यांनी एकदा फोनकडे आशेने पाहिलं, आणि गेले. पुढचं दार लागल्याचा आवाज आला. पडद्याच्या फटीतून, पुढच्या काचेतून, अंगरख्यांच्या मधून, तिला ती सगळी मंडळी फुटपाथवर रांगेने उभी दिसली. रविवारच्या सकाळी आपल्याच दुकानाबाहेर ताटकळणारं ते कुटुंब आणि सोबत एक मुख्याध्यापक; समोरचा चष्मेवाला हातातलं काम टाकून बघत होता.

तिने दोन भोवऱ्यांना पुन्हा फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी फक्त एकच विचारलं, मघाशी तिथे कोण होतं? तिने खोटं सांगितलं नाही. आवाज बाहेर गेला होता, ती चूकही माझीच, पण नाव कुणी घेतलेलं नाही आणि आता इथे कुणी नाही, असं ती म्हणाली.  त्यांनी आभार न मानता फोन ठेवला. ते पुन्हा येतील की नाही हे तिला कळलं नाही.

मग तिने तो नंबर लावला, जो लावायची तिला रात्रीपासून भीती वाटत होती. कोरी पाटी. ही बाई एका कचेरीत हिशेबनीस होती. औषधांनी तिचे सगळे केस गेले होते, भुवयांसकट. अण्णांनी ते नाव ठेवलं तेव्हा थोरलीलाही हसू आलं होतं, आणि तेच तिने हसत हसत फोनमध्ये लिहिलं होतं.

बाईने सगळं ऐकून घेतलं.

"मला ठाऊक आहे," ती म्हणाली. "आमच्याकडे एक नवीन मुलगी आलीय. तिला मी फोन केला तर तिने विचारलं, मॅडम, कोरी पाटी टोप म्हणजे काय?"

थोरलीने समोरचं पाण्याचं भांडं दूर सारलं.

"माझं नाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

"नाही."

"नाव माहीत नाही, आणि तरी गावाला सांगितलंत."

  चुकलं माझं, एवढंच थोरली म्हणाली. रडू आलं ते तिने आवाजात येऊ दिलं नाही, कारण रडण्याचा हक्क पलीकडच्या बाईचा होता.  बाईने फोन मात्र ठेवला नाही.

बाहेर मुख्याध्यापकांना राहवलं नसावं. ते काचेशी वाकून आत बघत होते आणि अण्णांना काहीतरी विचारत होते. अण्णा कमी ऐकू येणाऱ्या माणसासारखेच बोलले, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं.

"कुणाशी बोलतेय ते मला काय विचारता? तिचं गिऱ्हाईक आहे. काचेपासून लांब व्हा."

"कोण ओरडतंय तिकडे?" बाईने घाबरून विचारलं.

"माझे सासरे," थोरली म्हणाली. "ते बाहेर आहेत. आत मी एकटीच आहे. तुम्ही बोला."